पीटीच्या तासातून सूट मागण्यापूर्वी: पालकांसाठी माहिती

शाळा सुरू झाली की, आणि पुढे डिसेंबर-जानेवारीत क्रीडास्पर्धा जवळ आल्या की, दवाखान्यात एक मागणी हमखास येते: "डॉक्टर, पीटीला सूट मिळावी म्हणून सर्टिफिकेट द्या." मुलाला बालदमा असतो, वजन जास्त असते, लहानपणी हृदयाला छिद्र असल्याचे सांगितलेले असते, किंवा मुलगी पाळीच्या दिवसांत ग्राउंडवर जायला तयार नसते. पालकांची काळजी खरी असते. पण यातल्या बहुतेक मुलांना पूर्ण सुटीची गरज नसते. कोणता व्यायाम चालेल आणि कोणती काळजी घ्यायची, हे शाळेला नीट कळवले तर पुरते.

मुलांना किती व्यायाम हवा?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरदार हालचाल करावी. आठवड्यातून किमान ३ दिवस स्नायू आणि हाडे बळकट करणारे खेळ असावेत, म्हणजे धावणे, उड्या मारणे, दोरीवर चढणे. दीर्घकाळचा आजार किंवा अपंगत्व असलेल्या मुलांनाही शक्य तितकी हालचाल करण्याचाच सल्ला आहे.

शाळा, क्लास, गृहपाठ आणि मोबाइल यांत दिवस संपतो. अनेक मुलांसाठी पीटीचा तास हीच मोकळेपणाने धावण्याची एकमेव वेळ असते. तीच काढून घेतली तर दम कमी होतो, वजन वाढते आणि मूल खेळापासून आणखी लांब जाते.

"माझ्या मुलाला आजार आहे, तरी चालेल का?"

बालदमा: काही मुलांना धावताना, किंवा थांबल्यावर ५-१० मिनिटांत खोकला, छातीत घरघर आणि धाप सुरू होते. अशा मुलांनी सुरुवातीला १० मिनिटे हळूहळू शरीर तापवावे. डॉक्टरांनी सांगितले असेल तर खेळण्याआधी १०-१५ मिनिटे इन्हेलर स्पेसरमधून घ्यावा. इन्हेलर ऑफिसच्या कपाटात कुलूपबंद न ठेवता दप्तरात किंवा पीटीच्या सरांकडे असू द्या. दम लागून आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा इन्हेलर लागत असेल तर आजार आटोक्यात नाही असे समजा आणि औषध तपासून घ्या.

टाइप १ मधुमेह: खेळण्यापूर्वी साखर तपासावी. ती ९० पेक्षा कमी असेल तर आधी काहीतरी गोड खाऊन थोडे थांबावे. २५० च्या वर असेल आणि लघवीत कीटोन असतील तर त्या दिवशी व्यायाम नको. खिशात ग्लुकोजची पुडी हवीच. घाम, थरथर, चिडचिड किंवा गोंधळलेपणा ही साखर उतरल्याची लक्षणे शिक्षकांना माहीत असावीत.

फिट येणे (अपस्मार): औषधे नियमित असतील तर बहुतेक मैदानी खेळ चालतात. पोहताना शेजारी जाणता माणूस हवा. उंचावर चढण्याचे प्रकार डॉक्टरांना विचारूनच करावेत.

हृदयाचे आजार: लहान छिद्र आपोआप बंद झाले असेल किंवा शस्त्रक्रिया यशस्वी झाली असेल तर अनेक मुले सर्वसाधारण खेळ खेळू शकतात. मात्र हा निर्णय हृदयरोगतज्ज्ञांचाच. त्यांना नेमके विचारा: "कोणते खेळ चालतील, कोणते नाहीत?"

रक्तक्षय: मूल फिकट दिसते, लवकर थकते, जिना चढताना धापते. "आळशी आहे" म्हणण्याआधी हिमोग्लोबिन तपासा. सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी (पहिली ते पाचवीला गुलाबी, सहावी ते बारावीला निळी) जेवणानंतर घ्यावी. तिच्यासोबत चहा नको.

जास्त वजन: या मुलांना व्यायाम सर्वांत जास्त हवा असतो आणि तेच तो सर्वांत जास्त टाळतात. कारण बहुधा गुडघे नसतात, हसणारे वर्गमित्र असतात. वजन सर्वांसमोर मोजून मोठ्याने वाचले जात असेल तर शाळेशी बोला.

पाळी: खेळायला वैद्यकीय हरकत नाही. हलक्या व्यायामाने अनेक मुलींचे पोट दुखणे कमीही होते. पॅड बदलायला स्वच्छ, कडी लागणारे स्वच्छतागृह आणि पाणी मात्र हवे. दर महिन्याला शाळा बुडण्याइतके दुखत असेल तर तपासणी करून घ्या.

पूर्ण विश्रांती केव्हा?

ताप, कांजिण्या, ताजे फ्रॅक्चर, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, डेंग्यूनंतरचा अशक्तपणा, हृदयाच्या स्नायूला सूज: अशा वेळी सूट हवीच. पण तिला तारीख असावी. "वर्षभर सूट" असे कोरे पत्र मुलाच्या हिताचे नाही.

डॉक्टरांकडून कसे पत्र घ्यावे?

पत्रात चार गोष्टी असाव्यात: काय चालेल, काय टाळावे, कोणत्या तारखेपर्यंत, आणि त्रास झाला तर काय करावे. उदाहरणार्थ:

"विद्यार्थ्याला बालदमा आहे. चालणे, योगासने, लंगडी, खो-खो यांस हरकत नाही. सुरुवातीला १० मिनिटे हलका व्यायाम द्यावा. खोकला किंवा धाप लागल्यास बसवून जवळचा इन्हेलर द्यावा. आराम न पडल्यास त्वरित रुग्णालयात न्यावे व पालकांना कळवावे. तीन महिन्यांनी फेरतपासणी."

असे पत्र हातात असले की शिक्षकांची भीतीही कमी होते.

पीटीचा तास चांगला आहे हे कसे ओळखाल?

मूल पीटी टाळते तेव्हा दोष नेहमी मुलाच्या शरीरात नसतो. कधी तो तास घेण्याच्या पद्धतीत असतो. मुलाला घरी सहज विचारा: "आज किती वेळ खेळलास? किती वेळ रांगेत उभा होतास?"

- चांगल्या तासात बहुतेक वेळ सगळी मुले हलती असतात. चाळीस मुलांत एकच चेंडू असेल तर बाकीची फक्त बघतात.
- बाद झालेल्याने बाहेर बसायचे, अशा खेळांत सर्वांत कमी दमाचे मूल सर्वांत आधी बाहेर जाते. बाद झालेल्याला दोन मिनिटांनी परत घेता येते, किंवा छोटे गट करता येतात.
- उठाबशा आणि ग्राउंडच्या फेऱ्या शिक्षा म्हणून दिल्या की मूल व्यायामालाच शिक्षा समजू लागते.
- तुलना मुलाच्या स्वतःच्या मागच्या महिन्याशी व्हावी. त्याला वर्गातल्या सर्वांत वेगवान मुलाशी जोडू नये.
- मार्च ते मे आणि ऑक्टोबरच्या उन्हात तास सकाळी किंवा सावलीत असावा. मध्ये पाणी पिण्याची मुभा हवी.

आरोग्याचे शिक्षणही असेच हाताने करून पक्के होते. मुलांना स्वतःची नाडी मोजायला लावा: मनगटावर १५ सेकंद ठोके मोजायचे आणि चारने गुणायचे. शांत बसलेल्या शाळकरी मुलाची नाडी मिनिटाला साधारण ७० ते ११० असते. धावल्यावर ती वाढते आणि विश्रांतीनंतर खाली येते, हे मुलाने स्वतः पाहिले की धड्यातले हृदय त्याला समजते. बिस्किटाच्या पुड्यावरची साखर वाचणे किंवा साबणाने २० सेकंद हात धुणे हेही वर्गात करून घेता येते. आयुष्मान भारत योजनेतील २०२० च्या शालेय आरोग्य कार्यक्रमात यासाठी प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. तुमच्या शाळेत ते शिक्षक कोण, हे पालकसभेत विचारा.

ही लक्षणे दिसल्यास खेळ थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा

- धावताना किंवा खेळताना चक्कर येऊन पडणे
- श्रमाने छातीत दुखणे किंवा धडधडणे
- ओठ निळे पडणे, बोलता न येण्याइतकी धाप
- इन्हेलर घेऊनही दम न थांबणे
- उन्हात खेळल्यावर अंग तापणे आणि गोंधळल्यासारखे बोलणे

शेवटची तीन लक्षणे असतील तर वाट न पाहता रुग्णालय गाठा. मूल बेशुद्ध पडून श्वास घेत नसेल तर छातीवर दाब देणे सुरू करा आणि १०८ वर फोन करा. कुटुंबात कोणाचा कमी वयात अचानक हृदयविकाराने मृत्यू झाला असेल, तर स्पर्धेचा सराव सुरू करण्यापूर्वी मुलाची तपासणी करून घ्या.

पुढच्या वेळी दवाखान्यात येताना मुलालाही सोबत आणा आणि त्याच्यासमोरच विचारा की त्याला कोणता खेळ आवडतो. पत्र त्यावरूनच लिहिता येते.