स्वतंत्र सल्लागाराचा प्रवासखर्च : पावती कोणाच्या नावावर?

पणजी-मडगावहून पुण्या-मुंबईच्या कामांसाठी ये-जा करणारे अभियंते, वास्तुविशारद आणि सल्लागार शुल्काखेरीज प्रवासखर्चही ग्राहकाकडून घेतात. खिशातून गेलेले पैसेच परत आले, त्यावर कर कसला, अशी त्यांची समजूत असते. आयकराच्या नियमांत मात्र पावतीवर नाव कोणाचे, याला मोठे महत्त्व आहे.

केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या जून २०२२ मधील परिपत्रकात (क्रमांक १२) सल्लागाराच्या प्रवासाचेच उदाहरण आहे. परगावच्या निवास-भोजनाची पावती सल्लागाराच्या नावे असेल आणि ग्राहकाने ती रक्कम भरून दिली, तर तो सल्लागाराला मिळालेला ‘लाभ’ ठरतो. असे लाभ वर्षभरात २०,००० रुपयांवर गेल्यास कंपनीने १० टक्के करकपात (टीडीएस) करावयाची असते. पावती ग्राहकाच्या नावे असल्यास, पैसे सल्लागाराने दिलेले असले तरी, लाभ मानला जात नाही. खर्च शुल्काच्या देयकातच धरून संपूर्ण रकमेवर व्यावसायिक शुल्काची करकपात झाली असेल, तर ही दुसरी कपात लागू होत नाही, असा खुलासा त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये झाला.

कापलेला कर विवरणपत्रात वळता करून घेता येतो, म्हणून अनेकजण याकडे दुर्लक्ष करतात. पण अनुमानित उत्पन्नाची योजना (१९६१ च्या कायद्यातील कलम ४४एडीए) स्वीकारणाऱ्यांना ते महागात पडू शकते. तेथे एकूण जमेची किमान निम्मी रक्कम उत्पन्न धरली जाते व खर्चाची वेगळी वजावट मिळत नाही. देयकात मिसळलेल्या ४०,००० रुपयांच्या प्रवासखर्चापैकी २०,००० रुपये, प्रत्यक्षात खर्च होऊनही, उत्पन्नात मोजले जातात.

वस्तू व सेवा कराचा हिशेब याहून निराळा. नोंदणीकृत सल्लागाराने एक लाखाच्या शुल्कासोबत २०,००० रुपयांचा प्रवासखर्च लावला, तर १८ टक्के कर १,२०,००० रुपयांवर, म्हणजे २१,६०० रुपये, आकारावा लागतो. प्रवास सल्लागाराने स्वतःच्या कामासाठी केलेला असल्याने ‘शुद्ध अभिकर्त्या’ची सवलत येथे बहुधा लागू होत नाही.

गोव्यातील नोंदणीधारकाला आणखी एक अडचण येते. निवासाचा कर हॉटेल ज्या राज्यात आहे तेथील मानला जातो; त्यामुळे पुण्यातील हॉटेलने लावलेल्या कराचे क्रेडिट गोव्याच्या नोंदणीवर मिळत नाही. तो कर खर्चात धरूनच देयक करावे. विमानाच्या तिकिटाचे तसे नाही. आरक्षण करताना आपला जीएसटी क्रमांक दिल्यास क्रेडिट मिळू शकते. मात्र ते घेतल्यावर ग्राहकाकडून कर वगळूनच भाडे घेणे योग्य.

सर्वांत सोयीचे म्हणजे तिकीट व हॉटेलचे आरक्षण ग्राहकानेच स्वतःच्या नावे करून थेट पैसे भरणे. टॅक्सी, जेवण अशा किरकोळ बाबींसाठी दैनिक रक्कम ठरवून ती शुल्कात धरावी. प्रवासाचा वर्ग, प्रवासात जाणाऱ्या दिवसाचे शुल्क आणि बैठक ऐनवेळी रद्द झाल्यास तिकीट रद्द करण्याचा भुर्दंड कोणी सोसायचा, हे करारात लेखी असावे. वाद बहुधा या शेवटच्या मुद्द्यावरून होतात.