खताच्या गोणीमागील लोखंड

कुर्डुवाडीचें नांव निघालें कीं बार्शी लाइट रेल्वेची, १८९७ सालच्या त्या चिमुकल्या गाडीची, आठवण होते. तिचे अरुंद रूळ आतां गेले. माढा तालुक्याच्या शिवारांत ऊस आला, आणि उसामागें युरियाची गोण आलीच. युरिया होतो अमोनियापासून, व अमोनिया हवेंतील नायट्रोजनापासून. मुंबईस ट्रॉम्बेच्या कारखान्यांत १९६५ मध्यें हें काम सुरू झालें. नायट्रोजन मोठा आळशी वायु. हायड्रोजनाशीं त्याचें लग्न लावावयाचें तर प्रचंड दाब, सुमारें साडेचारशें अंश उष्णता, आणि मध्यस्थ म्हणून लोखंड लागतें. स्वतः न खपतां क्रिया घडविणाऱ्या अशा मध्यस्थास उत्प्रेरक म्हणतात.

हें लोखंड जर्मनींत मिटाश यांनीं हजारों प्रयोग करून हुडकलें. १९१३ मध्यें ओप्पाउ येथें कारखाना उभा राहिला. लोखंडांत चिमूटभर अल्युमिना व पोटॅश घातल्यास काम वाढतें, हें कळलें होतें. कां वाढतें, हें सांगतां येईना. सारी क्रिया चालते पृष्ठभागावर, आणि तो तर सूक्ष्म छिद्रांत दडलेला. त्याला फूटपट्टी लावावी कशी?

वॉशिंग्टनच्या सरकारी प्रयोगशाळेंत पॉल एमेट व स्टीफन ब्रुनौअर यांनीं वायूचीच फूटपट्टी केली. निर्वात नळींत लोखंडाचे कण ठेवून ती द्रव नायट्रोजनांत, शून्याखालीं १९५ अंशांवर, बुडवावयाची. मोजून नायट्रोजन वायु आंत सोडावयाचा. आणि दाबावरून कणांनीं किती वायु धरून ठेवला तें काढावयाचें. एका थरास किती रेणू लागले हें कळलें, कीं एका रेणूच्या जागेनें गुणून क्षेत्रफळ निघतें. अडचण एवढीच कीं, थरावर थर चढतात. पहिला संपला कोठें? १९३७ मध्यें ह्या दोघांनीं तो बिंदु आलेखाच्या वळणावरून ओळखला. १९३८ मध्यें एडवर्ड टेलर यांच्या साहाय्यानें त्यास गणिताचा आधार मिळाला. हेच टेलर पुढें हायड्रोजन बाँबमुळें गाजले! पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंतहि नव्या उत्प्रेरकांचीं क्षेत्रफळें ह्याच रीतीनें काढतात.

खरी गंमत पुढेंच आहे. कार्बन मोनॉक्साइड उघड्या लोखंडालाच घट्ट चिकटतो. दोन्ही मापें ताडून पाहतां आढळलें कीं, वजनानें शेकडा एक-दोन असलेलीं तीं मिश्रणें निम्म्याहून अधिक पृष्ठभाग व्यापून बसतात. अल्युमिना तर कणांस एक होऊं देत नाहीं, म्हणून छिद्रें टिकतात. तापल्या लोखंडास नायट्रोजन ज्या गतीनें चिकटतो, साधारण त्याच गतीनें अमोनिया होतो, हेंहि त्यांस आढळलें. म्हणजे नायट्रोजनास लोखंडावर बसविणें हीच अवघड पायरी. तेथें त्याची जोडी फुटते कीं नाहीं, हा वाद मात्र राहिला. ती फुटते, हें गेरहार्ट एर्टल यांनीं पुढें दाखविलें. त्यांस २००७ चें नोबेल पारितोषिक मिळालें, तेव्हां एमेट यांस जाऊन बावीस वर्षें झालीं होतीं.