फाशीचा दोर आणि जातीचे माप

फाशीच्या शिक्षेचा विषय निघाला की आपल्या कार्यकर्त्यांत दोन तट पडतात. २००६ साली खैरलांजी घडली तेव्हाच्या मोर्चांत 'फाशी द्या' ही घोषणा घुमत होती. तिच्यामागचा संताप मला परका नाही. ज्याच्या माणसांना मारून कालव्यात फेकले त्याला कोणी मानवतावादाचे धडे देऊ नयेत. पण न्यायालयांचे निकाल एकाशेजारी एक ठेवून वाचले की फाशी कोणासाठी आहे आणि संशयाचा फायदा कोणासाठी, हे लपून राहत नाही.

२५ डिसेंबर १९६८. तामिळनाडूतील तंजावर जिल्ह्यातले कीळवेण्मणी. मजुरीसाठी संघटित झालेल्या दलितांच्या वस्तीवर जमीनदारांचे लोक चालून आले. जीव वाचवायला झोपडीत शिरलेली ४४ माणसे, बहुतेक बायका आणि लेकरे, जिवंत जाळली गेली. १९७३ साली मद्रास उच्च न्यायालयाने जमीनदारांना सोडून दिले. एवढ्या जमिनीचे धनी, त्यात एक मोटारवाला, ते स्वतः पायी जाऊन आग लावतील हे न्यायालयाला पटेना. मोटार हाच निर्दोषत्वाचा पुरावा!

बिहारचे जोडचित्र याहून बोलके आहे. १९९२ साली बारा गावी नक्षलवाद्यांनी ३५ भूमिहारांना मारले. ते कृत्य निर्घृणच होते. त्यात 'टाडा'खाली चौघांना, त्यांत बहुतेक दलित, फाशी झाली आणि २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. तीनपैकी एक न्यायमूर्ती असहमत होते. दोर गळ्याशी ठेवून हे लोक २०१७ पर्यंत जगले, तेव्हा कुठे राष्ट्रपतींनी शिक्षा जन्मठेपेवर आणली. आणि सोन नदीकाठचे लक्ष्मणपूर-बाथे? १ डिसेंबर १९९७ च्या रात्री रणवीर सेनेने तिथे ५८ माणसे मारली. २०१० साली सत्र न्यायालयाने १६ जणांना फाशी दिली. २०१३ साली पाटणा उच्च न्यायालयाने सगळेच्या सगळे २६ आरोपी सोडले. साक्षीदार विश्वासार्ह नव्हते म्हणे.

हाच काटा आपल्या महाराष्ट्रात कसा चालला ते पाहा. २००३ साली नाशिक जिल्ह्यात एका शेतवस्तीवर पाच जणांची हत्या व बलात्कार झाले. भटक्या जमातीतले सहा गरीब मजूर पकडले गेले. वाचलेल्या बाईने पोलिसांच्या फोटोंतून दुसरीच चार माणसे ओळखली होती. ती बाजूला राहिली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली होती, तर २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने साही जणांना फाशी ठोठावली. त्यांतला एक गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता! ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने साही जणांना निर्दोष सोडले आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देवविली. सोळा वर्षे गेली ती गेली. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली रद्द झाला, पण तो ठाण्याच्या दप्तरातून गेला की नाही हे पारधी वस्तीत जाऊन विचारावे.

बाथ्याच्या आरोपींना मिळालेला संशयाचा फायदा वाईट, असे मी म्हणत नाही. तो भटक्यांना सोळा वर्षे का मिळाला नाही, हा माझा प्रश्न आहे. बाबासाहेबांनी ३ जून १९४९ रोजी घटना समितीत फाशीची शिक्षाच रद्द करणे आपल्याला अधिक पसंत असल्याचे सांगितले होते. अत्याचाराचा दाह ज्यांनी जन्मभर सोसला त्यांनी हे म्हटले, हे घोषणा देणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

मग नरसंहाराचे काय? १९४८ च्या आंतरराष्ट्रीय करारात राष्ट्र, वंश, धर्म यांवरून होणारा संहार आहे. जात हा शब्द नाही. भारताने तो १९५९ साली मान्य केला, पण त्यावर देशी कायदा केला नाही. त्यामुळे ५८ प्रेतांचा खटलाही साध्या खुनासारखा चालतो: अंधारात कोणी कोणाला ओळखले, कंदील होता की नव्हता. सेना कोणी उभारली, पैसा आणि बंदुका कोणाच्या, हे त्या पिंजऱ्यात येतच नाही. ते शोधायला बाथ्यानंतर न्यायमूर्ती अमीर दास आयोग नेमला होता. २००६ साली बिहार सरकारने तो गुंडाळला.