जवसाचे तेल आणि गोदाकाठची गुरे

मोगल अमदानीत वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे ठाणे असलेले आणि अहमदनगरच्या निजामशहांचे पूर्वज जेथील कुलकर्णी होते असे फिरिश्ता सांगतो, ते मराठवाड्यातील पाथरी चित्रकलेच्या इतिहासाला अगदीच परके नाही. कारण त्याच निजामशहांच्या दरबारी सोळाव्या शतकात ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ची लघुचित्रे रंगली. तैलरंगांतील निसर्गचित्राचे शिक्षण मात्र मराठी मुलखात रुजले ते १८५७ साली मुंबईत जे. जे. कलाशाळा स्थापन झाल्यानंतर. तिथे शिकलेल्या आबालाल रहिमान यांनी पुढे कोल्हापूरचा परिसर ज्या तन्मयतेने रंगवला, तिला माझ्या मते तोड नाही.

तैलरंगाच्या पद्धतीचा प्राण म्हणजे जवसाचे तेल, आणि जवस तर मराठवाड्याच्या काळ्या रानातले जुने पीक! टर्पेंटाइनने पातळ केलेल्या तपकिरी रंगात आधी माळ, झाडे, गुराखी यांची छायाप्रकाशाची मांडणी करावी, दूरच्या टेकड्या निळसर व मंद ठेवाव्यात, आणि जनावरांच्या पाठीवरचे ऊन अखेरीस, तेलाचे प्रमाण वाढवून, जाड रंगाने द्यावे. हे तेल सावकाश वाळत असल्याने कडा हळुवार मिसळण्यास अवधी मिळतो.

पाथरीच्या तरुण चित्रकारांना एवढीच विनंती, की लाल कंधारी गाय छायाचित्रावरून न रंगवता शिवारात उभे राहून रंगवा.