खांद्याच्या कूर्चेची इजा व शस्त्रक्रियेविना उपचार

खांद्याच्या कूर्चेची इजा म्हणजे खांद्याच्या खोबणीभोवती असलेल्या तंतुमय कूर्चेच्या कड्याला (लॅब्रम) चीर पडणे किंवा ते हाडापासून सुटणे होय. यांपैकी अनेक इजांवर प्रथम शस्त्रक्रियेविना उपचार केले जातात.

रचना

खांदा हा उखळीचा सांधा आहे. पात्याच्या हाडावरील खोबण उथळ असून दंडाच्या हाडाचे गोल डोके तिच्या मानाने मोठे असते. लॅब्रममुळे खोबण खोल होते व सांध्याला स्थैर्य येते. या कड्याच्या वरच्या भागाला बायसेप्स स्नायूचा एक कंडरा जोडलेला असतो. कूर्चेला रक्तपुरवठा अल्प असल्याने चीर सहसा आपोआप सांधली जात नाही.

कारणे व लक्षणे

हात टेकून पडणे, हाताला हिसका बसणे, सांधा निखळणे व हात वारंवार डोक्यावर नेऊन फेक करणे ही प्रमुख कारणे आहेत. कबड्डीतील पकड, धानाची पोती उचलून थप्पीवर चढवणे किंवा तलावात जाळे फेकणे अशा भंडारा जिल्ह्यात नित्य दिसणाऱ्या हालचालींतही खांद्यावर असाच ताण येतो. वयानुसार कूर्चेची झीजही होते. सांध्यात खोलवर वेदना, कटकट आवाज, हात अडकणे व खांदा निसटेल अशी भीती ही लक्षणे आढळतात.

निदान

क्ष-किरण चित्रात हाडाची इजा दिसते. कूर्चेसाठी एमआरआय करतात. चाळिशीनंतर कोणताही त्रास नसलेल्या व्यक्तींच्या एमआरआयमध्येही चीर दिसू शकते. त्यामुळे केवळ अहवालावरून उपचार ठरवत नाहीत.

शस्त्रक्रियेविना उपचार

या उपचारांचा हेतू चीर सांधणे हा नसून भोवतीच्या स्नायूंकडून सांध्याला आधार मिळवणे हा असतो.

* विश्रांती : वेदना वाढवणारी कामे काही आठवडे टाळावीत. हात दीर्घकाळ झोळीत ठेवल्यास खांदा आखडतो.
* वेदनाशमन : कापडात गुंडाळलेल्या बर्फाने १५ ते २० मिनिटे शेक देतात. वेदनाशामक गोळ्या वैद्यकीय सल्ल्यानेच घ्याव्यात. मूत्रपिंडाचा विकार किंवा जठरव्रण असल्यास त्या अपायकारक ठरू शकतात. स्टिरॉइडच्या इंजेक्शनने मिळणारा आराम तात्पुरता असतो.
* भौतिकोपचार : प्रथम हालचाल पूर्ववत करणे, नंतर पात्याचे व सांध्याभोवतीचे स्नायू बळकट करणे व शेवटी हळूहळू कामावर किंवा मैदानावर परतणे, असा क्रम असतो. त्यास साधारणतः तीन महिने लागतात. एकदा शिकलेले व्यायाम घरीच रबरी पट्ट्याच्या साहाय्याने करता येतात, ही बाब रोजची मजुरी बुडवणे न परवडणाऱ्या रुग्णांसाठी महत्त्वाची आहे.

नॉर्वेमधील एका चाचणीत, कड्याच्या वरच्या भागाला इजा झालेल्या ११८ रुग्णांवर कूर्चा शिवणे, बायसेप्सचा कंडरा हलवणे किंवा केवळ लटकी शस्त्रक्रिया करण्यात आली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन वर्षांनंतर तिन्ही गटांत उल्लेखनीय फरक आढळला नाही.

शस्त्रक्रियेची गरज

तरुणांत खांदा वारंवार निखळत असल्यास किंवा तीन ते सहा महिन्यांच्या उपचारांनी गुण न आल्यास शस्त्रक्रियेचा विचार होतो. २३ मार्च २०२१ रोजी पुण्यातील एकदिवसीय सामन्यात क्षेत्ररक्षण करताना मुंबईचा फलंदाज श्रेयस अय्यर याच्या डाव्या खांद्याला इजा झाली. पुढे त्याच्यावर शस्त्रक्रिया करावी लागली.

निखळलेला खांदा अप्रशिक्षित व्यक्तीने ओढून बसवल्यास चेतातंतू, रक्तवाहिन्या किंवा हाडांना इजा होऊ शकते. खांदा निखळल्यास, हात बधिर झाल्यास किंवा वर उचलता न आल्यास रुग्णास त्वरित रुग्णालयात न्यावे.