मंगळवेढे ते गोवळकोंडा : श्रद्धेचा हिशेब

पुण्याहून सोलापूर, नळदुर्ग, उमरगे, जहीराबाद असा येणारा राजमार्ग हैदराबादेत शिरतो तो कुकटपल्लीवरून. एके काळी हे एक साधे खेडे होते. आज गृहनिर्माण मंडळाची वसाहत, उंच इमारती आणि डोक्यावरून धावणारी मेट्रो यांनी त्याचे मूळ रूप पार झाकून टाकले आहे. येथून दक्षिणेकडे थोड्याच अंतरावर गोवळकोंड्याचा किल्ला उभा आहे. उलट दिशेने निघाल्यास जहीराबादेजवळ बीदरची वाट फुटते, आणि सोलापुरापासून थोडे आडवाटेला मंगळवेढे लागते. संकटात देव धावून येतो या आपल्याकडील श्रद्धेच्या दोन अत्यंत लोकप्रिय कथा या एकाच वाटेच्या दोन टोकांशी निगडित असाव्यात, याचे आम्हांला नेहमीच कुतूहल वाटत आले आहे. दोन्ही कथांचे नायक सरकारी अंमलदार आहेत. दोघांवरही सरकारी ऐवज परस्पर खर्च केल्याचा आरोप आला, आणि दोघांचेही देणे देवाने रोख फेडले, असे कथा सांगते.

दामाजीपंत हे मंगळवेढ्याचे बहामनी अंमलदार. १४६० च्या दुष्काळाला त्यांचेच नाव चिकटले आहे. लोक अन्नावाचून मरत असता त्यांनी सरकारी धान्याची कोठारे खुली केली. बीदरहून पकडण्याचा हुकूम सुटला. आणि पंत वाटेत असतानाच विठ्ठलाने महाराच्या वेषात दरबारी जाऊन रक्कम भरली व पावती घेतली. ही कथा महिपतीने 'भक्तिविजया'त सविस्तर सांगितली. तो ग्रंथ १७६२ चा, म्हणजे घटनेनंतर तीनशे वर्षांचा. चमत्काराचा पुरावा म्हणून इतिहासकाराला त्याचा उपयोग नाही, हे उघड आहे. परंतु कथेतील एक तपशील मात्र अस्सल आहे. गावची वसुली वाहून सरकारात पोचविण्याचे काम महारांकडेच असे. देवाने राजपुत्राचे किंवा सावकाराचे रूप घेतले नाही; त्या कामाला जो माणूस खरोखर गेला असता त्याचेच घेतले.

दुसरी कथा दोनशे वर्षांनंतरची. कंचर्ला गोपन्ना हा अक्कन्ना-मादन्ना या प्रसिद्ध बंधूंचा भाचा, पाल्वंचे परगण्याचा तहसीलदार. त्याने वसुलीच्या पैशातून भद्राचलचे राममंदिर उभारले आणि अबुल हसन कुतुबशहाच्या हुकुमाने तो गोवळकोंड्याच्या तुरुंगात पडला. बारा वर्षांनी रामोजी व लक्ष्मोजी नावाचे दोन तरुण येऊन सहा लाखांचा भरणा करून गेले, अशी आख्यायिका आहे. अबुल हसनची सारी कारकीर्दच १६७२ ते १६८७ अशी पंधरा वर्षांची; तीत ही बारा वर्षे जेमतेम बसतात. दुर्गादेवीचा दुष्काळही बाराच वर्षांचा सांगतात. बारा हा आकडा दप्तराचा नसून कथेचा आहे, असे आम्हांला वाटते.

येथे सरकारच्या बाजूनेही एक शब्द बोलला पाहिजे. तो पैसा रयतेचा होता. दामाजीपंतांनी तो उपाशी रयतेच्याच मुखी घातला. गोपन्नाने त्याचे मंदिर बांधले. भक्तमंडळी दोघांना एकाच आसनावर बसवितात. आमच्या मते हे आसन एक नव्हे. दामाजीपंतांची कृती पावती आली नसती तरी तितकीच थोर राहिली असती.

मात्र गोपन्नाने एक गोष्ट मागे ठेवली आहे, जी दामाजीपंतांकडून आपणांस मिळत नाही. ती म्हणजे बंदिवासातील त्याचा स्वतःचा आवाज. रामदास या नावाने प्रसिद्ध असलेल्या त्याच्या तेलुगू कीर्तनांत शांत समर्पणापेक्षा तक्रार अधिक आहे. कोणासाठी कोणता दागिना घडविला याची यादीच तो रामापुढे वाचतो, रागाच्या भरात देवाच्या वडिलांनाही ओढतो, लगेच क्षमा मागतो, आणि सीतेला मध्यस्थी करावयास विनवितो. विठोबाशी भांडणाऱ्या नामदेवाची व जनाबाईची भाषा ज्यांच्या कानांत आहे, त्या मराठी वाचकाला हे अपरिचित वाटणार नाही. ज्याच्यावर विश्वासच नाही त्याच्याशी माणूस बारा वर्षे भांडत बसत नाही.

पण पावती न आलेल्यांचे काय? हा प्रश्न टाळता येत नाही, कारण त्याचे उदाहरण मंगळवेढ्यातच आहे. १३३८ मध्ये तेथे गावकुसाचे बांधकाम चालले असता ते कोसळले आणि त्याखाली चोखामेळा इतर मजुरांसह गाडला गेला. तेव्हा भिंत सावरावयास कोणी आले नाही. नामदेवाने अस्थी शोधून पंढरपुरास नेल्या व महाद्वारी समाधी बांधली, एवढेच परंपरा सांगते. ज्या गावात देव पुढे सव्वाशे वर्षांच्या आत महाराचे रूप घेणार होता, त्याच गावात एक खरा महार भक्त ढिगाऱ्याखाली मेला. चोख्याच्या अभंगांतही देवाला विचारलेले रोखठोक प्रश्न आहेत, आणि त्यांची उत्तरे त्याला मिळाली असे कोठेही दिसत नाही. तरी तो विचारीत राहिला, तेही ज्या देवळाचे दार त्याला बंद होते त्या देवळातल्या देवाला. श्रद्धेचा इतिहास लिहावयाचा तर दामाजीपंतांच्या पावतीपेक्षा या न मिळालेल्या उत्तरांपासून आरंभ करावा, असे आमचे मत आहे.

गोवळकोंड्यात गोपन्नाची म्हणून दाखविली जाणारी कोठडी आजही पाहता येते. भिंतीवर राम-लक्ष्मणांच्या व मारुतीच्या आकृती कोरलेल्या आहेत. त्याला बंदीत ठेवणाऱ्या अबुल हसनचा किल्ला १६८७ मध्ये औरंगजेबाच्या हाती पडला. तो स्वतः कैदी होऊन मराठी मुलखात, दौलताबादेस गेला आणि तेथेच मरण पावला. त्याचा भरणा करावयास कोणी रामोजी आला नाही. रामनवमीच्या कल्याणोत्सवासाठी भद्राचलला सरकारातून मोती व रेशमी वस्त्रे पाठविण्याची प्रथा मात्र त्याच्यापासून सुरू झाली असे मानतात, आणि आज ती तेलंगण शासन पाळते.