खोट्या रस्त्यावरची खरी परीक्षा

चालकावाचून चालणारी मोटार आता गोष्टीतली राहिलेली नाही. अमेरिकेत फिनिक्स, सॅन फ्रान्सिस्को अशा शहरांत चालकाच्या जागी कोणीही न बसता भाड्याच्या मोटारी उतारूंची ने-आण करतात. ही वार्ता ऐकली की गावाकडचा माणूस पहिल्याप्रथम विचारतो, "अहो, पण समोर माणूस आडवा आला तर ती थांबेल का?"

प्रश्न अगदी रास्त आहे. पण त्याचे उत्तर मिळवायचे कसे? गाडी रस्त्यावर सोडून पाहावी, तर परीक्षेपायी एखाद्याचा जीव जायचा. न सोडावी, तर ती कशी वागते ते कळायचे नाही. या पेचातून वाट काढण्यासाठी शास्त्रज्ञांनी एक खोटा रस्ता तयार केला. तो असतो गणकयंत्रात, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये. त्यावर लुटुपुटीच्या मोटारी धावतात, लुटुपुटीची माणसे रस्ता ओलांडतात. यालाच वाहतुकीचे सिम्युलेशन म्हणतात. त्याची हकीकत आज आपण पाहू.

आपोआप चालणाऱ्या मोटारीचे स्वप्न तसे जुनेच. 1939 साली न्यूयॉर्कला जागतिक प्रदर्शन भरले होते. तिथे जनरल मोटर्स कंपनीच्या दालनात नॉर्मन बेल गेडिस या कल्पक माणसाने 1960 सालचा देश छोट्या प्रतिकृतीत उभा केला होता. त्यातल्या मोटारी यंत्राच्या आधाराने एकमेकींपासून नेमके अंतर राखून धावणार होत्या. 1960 साल आले आणि गेले. मोटारी काही तशा धावल्या नाहीत. मात्र त्याच सुमारास दुसरे एक काम सुरू झाले होते. माणूस मोटार चालवतो म्हणजे नेमके काय करतो, याचे गणित मांडण्याचे.

1955 साली लाइटहिल आणि व्हिटॅम या दोघा इंग्रज गणितज्ञांनी दाखवून दिले की, गर्दीच्या रस्त्यावरची वाहतूक नदीच्या पुरासारखी वागते, तिच्यातही लाटा उठतात. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात डॅनियल गर्लो याने गणकयंत्रावर हमरस्त्याची वाहतूक चालवून पाहिली. पुढे 1958 साली जनरल मोटर्सच्या संशोधकांनी आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी दोन मोटारी एकीमागे एक ठेवल्या आणि मध्ये रिळावर गुंडाळलेली बारीक तार जोडली. तार जशी सुटेल वा गुंडाळेल, तसे अंतर कळे. त्यातून दिसले की पुढची गाडी हळू झाल्यावर मागचा चालक सरासरी सुमारे दीड सेकंदाने हालचाल करतो. दीड सेकंद म्हणजे ते काय, असे म्हणाल! पण ताशी 60 किलोमीटर वेगाची गाडी तेवढ्यात 25 मीटर पुढे जाते.

गुरुजी, हा प्रयोग तुम्हाला शाळेच्या पटांगणावर करता येईल. वीस मुलांना एका रांगेत चालायला सांगा. प्रत्येकाने फक्त पुढच्याकडे पाहायचे. मग पहिल्या मुलाला क्षणभर थांबवून लगेच चालायला लावा. थांबण्याची लाट रांगेतून मागे मागे सरकताना दिसेल. पुढची मुले केव्हाच चालू लागलेली असतात, तरी शेवटचा मुलगा अजून खोळंबलेलाच! गणकयंत्रातही हेच घडते. प्रत्येक मोटारीला दोनचार नियम द्यायचे आणि हजारो मोटारी एकदम सोडायच्या.

इथे एक गंमतीची अडचण उभी राहिली. हे नियम वाहतूक सुरळीत कशी चालेल हे पाहण्यासाठी केलेले होते. 1981 साली पीटर गिप्स याने मांडलेले सूत्र घ्या. त्यातला चालक पुढची गाडी थांबली तरी आपल्याला सुखरूप थांबता येईल, एवढाच वेग ठेवतो. असे शहाणे चालक रस्त्यावर असले की अपघात होणार कुठून? ज्या रस्त्यावर कोणी चुकतच नाही, त्या रस्त्यावर सुरक्षिततेची परीक्षा ती काय घ्यायची?

यावर तोडगा निघाला तो 'थोडक्यात वाचलो' या अनुभवातून. प्रत्यक्ष अपघात क्वचित होतो, पण थोडक्यात चुकलेले अपघात पुष्कळ. 1968 साली पर्किन्स आणि हॅरिस या संशोधकांनी चौकात उभे राहून असे प्रसंग मोजण्याची रीत सांगितली. कोणी एकाएकी ब्रेक दाबला, कोणी गाडी बाजूला काढली, याची नोंद ठेवायची. 1972 साली हेवर्ड याने त्याला मापही दिले. दोन्ही वाहने आहेत त्याच वेगाने, त्याच दिशेने गेली, तर किती सेकंदांत आदळतील? हा आकडा जितका लहान, तितका धोका मोठा. आज गणकयंत्रातल्या रस्त्यावर हीच फूटपट्टी लावतात.

पण खरा रस्ता सोडून एवढा खटाटोप कशाला? त्याचे उत्तर 2016 साली अमेरिकेतल्या रँड या संस्थेने हिशेब करून दिले. चालकाविना गाडी माणसाइतकी तरी सुरक्षित आहे, असे खात्रीने म्हणायला ती एकही मृत्यू न घडवता 27 कोटी 50 लाख मैल धावली पाहिजे. शंभर मोटारी ताशी 25 मैलांनी रात्रंदिवस पळवल्या, तरी साडेबारा वर्षे लागतील. आणि मध्येच गाडीची यंत्रणा बदलली, तर ती जुनी मोजणी नव्या गाडीला कशी लागू पडणार?

खोट्या रस्त्यावर मात्र घडून गेलेला अपघातसुद्धा पुन्हा उभा करता येतो. 2021 साली वेमो कंपनीने अ‍ॅरिझोनातल्या चँडलर भागात 2008 ते 2017 या काळात घडलेले 72 प्राणघातक अपघात गणकयंत्रात उभे केले आणि चालकाच्या जागी आपले यंत्र बसवले. ज्याच्या चुकीने अपघात सुरू झाला त्याच्या जागी यंत्र असता एकही अपघात झाला नाही. दुसऱ्याच्या चुकीला तोंड द्यावे लागणाऱ्या गाडीत ते असता शेकडा 82 अपघात टळले, 10 मध्ये मार हलका झाला आणि 8 मात्र होते तसेच राहिले. अर्थात ही परीक्षा कंपनीनेच आपली आपण घेतलेली, हे ध्यानात ठेवलेले बरे.

आता दुसरी बाजू पाहा. 18 मार्च 2018 च्या रात्री त्याच अ‍ॅरिझोनातल्या टेंपी शहरात एक बाई सायकल हाताने ढकलत रस्ता ओलांडत होती. उबर कंपनीची चाचणीची मोटार आली आणि तिला धडकली. बाई दगावली. सरकारी चौकशीत दिसले की देखरेखीला बसलेल्या व्यक्तीचे लक्ष रस्त्यावर नव्हते. आणि यंत्राचे काय? त्याला समोर काहीतरी असल्याचे धडकेच्या 5.6 सेकंद आधीच कळले होते. पण ते कधी तिला मोटार समजे, कधी सायकल, कधी आणखी काही. ठरलेल्या जागेखेरीज माणूस रस्ता ओलांडील, हे त्याच्या हिशेबात धरलेलेच नव्हते!

खोट्या रस्त्याचे बळ आणि त्याची उणीव, दोन्ही इथे एकत्र दिसतात. त्यात जे घालावे त्याचीच परीक्षा होते. जे घालायचे राहिले, त्याची परीक्षा खऱ्या रस्त्यावर होते, आणि तिची फी कोणीतरी जिवाने भरतो.

आपल्या देशाला हा मुद्दा फार लागू आहे. 2022 या एका वर्षात भारतात रस्त्यांवर 1,68,491 माणसे मेली. आपला रस्ता परदेशी सूत्रात बसत नाही. तिकडे गाड्या आखलेल्या पट्ट्यांतून एकीमागे एक जातात. आपल्याकडे जिथे फट मिळेल तिथे दुचाकी शिरते. म्हणून आय. आय. टी. मद्रासचे अरसन आणि कोशी यांनी 2005 साली निराळी रीत मांडली. पट्टे विसरून रस्त्याची सबंध रुंदी एकच जागा धरायची आणि लहानमोठी वाहने त्यावर ठेवायची. हे काम मोलाचे आहे. कारण दिव्यावाचून चाललेली उसाची बैलगाडी, अचानक वळलेली शेळी, शाळा सुटल्यावर धावत निघालेली पोरे, ही सगळी त्या खोट्या रस्त्यावर आधी आली पाहिजेत.

तेव्हा उद्या कोणी सांगितले की अमुक मोटार गणकयंत्रात लाखो मैल सुखरूप धावली आहे, तर आपण एवढेच विचारावे, "धावली खरी, पण तिच्या रस्त्यावर आमच्यासारखी माणसे होती का?"